कूलर चालू होता, बाई

बाई, त्या दिवशी कूलर चालू होता. एवढंसं वाक्य, पण लिहायला मला सतरा वर्षं लागली, आणि तुम्हाला जाऊनच चौदा झाली. काल माझ्याकडे काम करणारी एक जण, कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांची आई, चहाच्या वेळी सहज म्हणाली, "ताई, डोक्यांवर लाइट नीट नाही फिरवला मी. सारे चिकट राहिले. माझ्याच्यानं चुकलं." म्हणाली आणि बिस्किट बुडवून खायला लागली. मी म्हटलं, पुसून टाक, पुन्हा कर. झालं, संपलं. तेव्हापासून मला काही सुचत नाही. तिला जे दोन घोटांच्या मध्ये जमलं ते मला का जमलं नाही, याचं उत्तर मला तुम्हालाच द्यायचं आहे.

महाल भागातली ती वरच्या मजल्यावरची खोली आठवते. एकच खिडकी, आणि तिच्याजवळ तुमची खुर्ची. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून आपण मासे भुलवायच्या खोट्या माशा बांधायचो. व्यापारी त्या परदेशी पाठवायचा. मासे पकडायला आपण दोघी कधी गेलो नाही, मासा खायचा म्हटलं तरी तुम्ही नाक मुरडायच्या. "मासे कोण पकडते, कुठं पकडते, आपल्याले काय करायचं वं? डोकं सुटलं नाही पाहिजे, बस." डोकं म्हणजे गळाच्या नेढ्याखालची दोऱ्याची शेवटची गाठ. तिच्यावर चपड्याच्या वार्निशचे तीन पातळ हात, सुईच्या टोकानं, आणि प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही. वाळलं की नाही हे तुम्ही वासावरून ओळखायच्या. आणि वार्निश चालू असताना कूलर बंद. ओल्या हवेनं चपडा पांढुरका पडतो म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद! मनातल्या मनात मी तुम्हाला काय काय बोलले असेन, आता लिहायचीही लाज वाटते.

त्या दुपारी तुम्ही भाचीच्या साखरपुड्याला गेला होता. तुम्ही बांधलेल्या सगळ्या माशा माझ्यापुढे ठेवून गेला होता, डोकी पक्की करायला. घाम मनगटावरून गळावर ओघळत होता. तासभर मी तुमच्या पद्धतीनं केलं, खोटं नाही सांगत. मग डोकंच फिरलं. चप्पल चिकटवायला आणलेली ती झटक्यात पकडणारी गोंदाची ट्यूब फळीवर होती. एकेका डोक्यावर एकेक थेंब टाकला, आणि कूलर पूर्ण जोरात लावून त्याच्यापुढे वेणी सोडून बसले. संध्याकाळच्या आत सगळं काम आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खिडकीत बसून एकेक माशी उजेडात धरून पाहिली आणि म्हणालात, "हात बसला वं तुहा. चमक पाहाय कशी आली!" मी हसले. काय निर्लज्ज हसले असेन मी!

महिन्यानं सगळा माल परत आला. बंद डब्यात त्या गोंदाची वाफ बसून डोक्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती, पिसांची मुळं कडक झाली होती, आणि कितीतरी नेढ्यांमध्ये गोंदाचा पारदर्शक पडदा होता, दोरा ओवायलाच जागा नाही. तुम्ही एकच विचारलं. "चपडाच लावला होता नं? कूलर बंद होता नं?" मी म्हटलं, हो बाई. तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर कदाचित बोलले असते. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंग माहेच डोळे गेले वं. मी पाहून पाहून पाठवल्या, अन् मले नाही दिसलं." अहो बाई, तो पडदा कोणालाच दिसला नसता! तुमच्या हातात ती माशी होती तेव्हा तिच्यावर पांढरं काही आलंच नव्हतं. हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

आठवड्याभरात तुम्ही काम सोडलंत आणि नंदनवनला लेकीकडे राहायला गेलात. तिनं डॉक्टरकडे नेलं, डॉक्टर म्हणाले वयाच्या मानानं नजर छान आहे. तुम्ही मानलं नाही. "डॉक्टरले काय समजते? माल वापस आला नं?" मी एकदा भेटायला आले तेव्हा तुम्ही माझ्यापुढे तांदळाचं ताट सरकवलं. "पाहून दे वं जरा, मले खडे दिसून नाही राहिले." मी पूर्ण ताट पाहिलं. एक खडा नव्हता. सगळे खडे तुम्ही आधीच वेचून ताटाच्या कडेला ठेवले होते, राईएवढेसुद्धा. मी ते उचलून फेकले, तांदूळ स्वच्छ आहेत म्हटलं, आणि चहा पिऊन परत आले. त्याच वेळी बोलायला हवं होतं. तुमची लेक स्वयंपाकघरात होती, आपण दोघीच होतो.

आता माझ्याकडे चार प्रकारच्या बाटल्या आहेत. पाण्यात विरघळणारं वार्निश आहे, निळ्या लाइटखाली क्षणात काच होणारं रसायन आहे. ती ट्यूबही आहे, पण ती फक्त पिसाखाली, उघड्या गळावर, सुईच्या टोकाइतकी. तिथं ती उत्तम चालते. डोक्याला लावू नये, एवढंच. नव्या बायकांना मी हे शिकवते तेव्हा त्या विचारतात, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणते, आमच्या बाईंनी सांगितलं. बघा, अजूनही तुमच्याच नावावर खपवते. चपड्याची बाटली मात्र अजून सोडलेली नाही. वार्निशच्या वेळी कूलर बंद ठेवते, बायका कुरकुरतात, मी ऐकत नाही.

गेल्या महिन्यात मलाही जाड चष्मा लागला. हे पत्र कुठं टाकायचं, पेटीत की नदीत, माहीत नाही. गळांच्या रिकाम्या डब्यात ठेवीन. पण एक राहिलंच. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या रागाला भिऊन गप्प बसले. तसं नव्हतं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि डोळे गेले म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी माझी नजर तुमच्या खुर्चीकडे गेली होती. मला ती खिडकीची जागा हवी होती, बाई.