होडी मोडीत काढण्याबाबत

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

(पत्र बाबांनी लिहायला सांगितलं, "नमस्कार नको, फक्त विषय" असं बजावून. नमस्कार माझा आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंची झोप? इथे सगळे बरे आहेत, इतके बरे की मला शंका येते.

तुम्ही दोघे भाऊ भांडून वेगळे झालात तेव्हा फायबरच्या होडीची वाटणी होईना, म्हणून एकेक वल्हं घेतलंत. तेव्हापासून नऊ वर्षं ती आमचं मागचं दार अडवून बसली आहे. आता तळाला भेगा पडल्यात. भंगारवाल्याने बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, हे जळत नाही, कुजत नाही. तुमच्या नातवंडांनाही पुरेल." (माझं अजून लग्न नाही. त्याला कुणी काही सांगितलंय का?) शेजारचे फुकट न्यायला तयार झाले. उगीच कोण फुकट नेतं? मी नको म्हटलं. शेवटी येत्या गुरुवारी नगरपालिकेची गाडी यायचं ठरलं.

खरी शंका पुढेच आहे. होडीला कुणी हात लावला की खेकसणारे बाबा गाडीसाठीचा नगरपालिकेचा अर्ज पाहून म्हणाले, "दे, मी भरतो." बाबा! जे विजेचा अर्जही माझ्याकडून भरून घेतात! कालपासून ते होडी साबणाने घासताहेत. मोडीत जाणारीला कुणी अंघोळ घालतं का? आईला विचारलं तर, "तू गप्प बस गं." म्हणजे तीही सामील.

तर अर्जाप्रमाणे दोन्ही मालकांच्या सह्या हव्यात, आणि आपापलं वल्हं प्रत्येकाने स्वतः आणून द्यायचं आहे. बुधवारपर्यंत यावं.

तुमची पुतणी

ता. क. पत्र बंद करण्याआधी कार्यालयात खातरजमा करून आले. कारकून म्हणाला, "वल्ह्यांचं आम्ही काय करू?" कोऱ्या अर्जात ती ओळच नाही. आपल्या अर्जात आहे, बाबांच्या अक्षरात, पट्टी लावून, छापल्यासारखी. खोटं कळवणं माझ्याने होत नाही, म्हणून सांगितलं. मला कळलंय हे बाबांना सांगू नका.

आणखी ता. क. वल्हं विसरलात तरी चालेल, तुम्ही या. होडी मात्र गुरुवारी जाणार म्हणजे जाणार. आत्ताच पाहिलं, आईने तिच्यात दोन उशा ठेवल्या आहेत.