टोपीपण हिरवीच होती

गुरुवार, दिवे लागल्यावर

तासगावच्या साखरपुड्याचे फोटो काढून आलो, पण ताट तसंच झाकून ठेवलंय. कार्यक्रम बेदाण्याच्या शेडमध्ये, वर हिरव्या शेडनेटच्या जाळीचं छत. कॅमेऱ्याला हौसेनं घेतलेल्या नव्या फ्लॅशची मान वर वळते, म्हणून घरात वळवतो तशी वळवली. छतावरून उजेड मऊ होऊन खाली येतो. पांढऱ्या छतावरून! हिरव्यावरून काय येणार, एवढं कळू नये मला?

नवरीचा फोटो पाहिला तर चेहरा आजाऱ्यासारखा. आणि मी सगळ्यांदेखत तिच्या आईला म्हणालो, "मावशी, पोरीचं तोंड लय उतरलंय. धुऊन जरा पावडर लावा."

नवऱ्याची आत्या लगेच, "का? आजारी असती का पोरगी?"

पोरगी खाली मान घालून उठली.

ती आत गेल्यावर फोटो मोठा करून पाहिला. शेजारी बसलेल्या तिच्या आजोबांची पांढरी टोपीपण हिरवी. टोपीला कुठली पावडर लावायची? आत्या समोरच बसली होती, चूक माझ्या फ्लॅशची आहे हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गुपचूप फ्लॅशची मान सरळ केली.

नंतरचे फोटो चांगले आले. पोरीची आई म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलंस."

तो फोटो पुसून टाकला, तरी टोपी डोळ्यांपुढून हलत नाही. टोपी, आणि पावडर लावून आलेली ती पोरगी. हळूच विचारत होती, "दादा, आता बरी दिसती न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, आता बरी."