लहानू धोंडबा ऊर्फ मनोहर

रविवार, २२ एप्रिल १९८४

ही वही जयाने वाढदिवसाला दिली. बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही, निदान हिच्याशी बोला, म्हणाली. तेरा वर्षांच्या मुलीला बापाचं एवढं कळतं, याचं थोडं वाईट वाटलं, पण जास्त बरंच वाटलं. पहिल्या पानावर नाव घातलं आहे : मनोहर गोविंद पिंपळखुटे, रामदासपेठ, नागपूर.

आज सोनटेकडीला राहायला आलो. बर्डीवरून सकाळची एस.टी. पकडली, बुटीबोरीच्या अलीकडे फाट्यावर उतरलो आणि तिथून पाऊण तास चाललो. ऊन चढलं होतं, पण मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. चार एकर जमीन, बांधलेली विहीर, मोहाची दोन झाडं आणि कवेलूचं दोन खोल्यांचं घर. वीस वर्षं भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाला विहिरीत डोकावून पाहायचं सुख काय असतं ते आज समजलं.

घरात जिजाबाई राहतात. सत्तरीच्या, एकट्या. जमीन त्यांचा मरेपर्यंतचा आसरा राहील आणि घरही, असं ठरलं आहे. मी विळ्याने चाऱ्याच्या चार काड्या कापून दाखवल्या, तर म्हणाल्या, "मास्तर, विळा रडून राहिला पाहा तुमच्या हातात." मग स्वतःच खूप हसल्या.

आता नको ते लिहितो, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. माझा शाळासोबती रुपराव जमिनींची दलाली करतो. त्याने वाट काढली. जिजाबाईंचा एकुलता मुलगा लहानू बारा वर्षांचा असताना घर सोडून गेला तो परत आला नाही. तो आज असता तर माझ्याच वयाचा असता. तर मी म्हणजे तोच. नागपूरच्या पिंपळखुट्यांनी मला वाढवलं आणि मनोहर नाव ठेवलं, असं तलाठ्यापुढे सांगायचं. जिजाबाई होय म्हणतील. मी वारस म्हणून सातबाऱ्यावर चढेन. इकडे कारखाने येणार आहेत म्हणतात. तेव्हा भूखंड पाडून विकायचे आणि जयाला डॉक्टर करायचं. फेरफाराच्या नोटिशीची मुदत संपेपर्यंत गावात राहिलो तर कुणी हरकत घेणार नाही, म्हणून ही उन्हाळ्याची सुट्टी इथे.

कुणाचं नुकसान होतं यात? खूप विचार केला. कुणाचंच नाही. तरी विचार संपत नाही.

मंगळवार, २४ एप्रिल

चावडीवर जाऊन आलो. लहानू दुसरीच शिकलेला आणि कागदावर तोच दिसायला हवा, तेव्हा सही नको, अंगठा दे, असं रुपरावने कानात सांगितलं. चोवीस वर्षं प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाने अंगठा उठवला. तलाठ्याने लिहिलं : लहानू धोंडबा ऊर्फ मनोहर.

पंच म्हणून शेजारचे बाबाराव बसले होते. गावात सगळ्यांत म्हातारे तेच. अंगठा उठवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःचा अंगठा न देताच उठून गेले. रुपराव म्हणाला, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे. दुसरा पंच बोलावला.

शाई निघत नाही. रॉकेल लावून पाहिलं.

शुक्रवार, २७ एप्रिल

बाबारावांकडे मुद्दाम गेलो. रागावले असतील तर माफी मागावी म्हणून. ते रागावलेले नव्हते. घाबरलेले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. लहानूची बारा वर्षं वाट पाहिली. मग चौसष्ट साली त्याच्या बापाने, धोंडबाने, रीतीप्रमाणे पळसाच्या तीनशेसाठ पानांचा पुतळा केला, त्याला लहानू म्हणून हाक मारली आणि नाल्यावर नेऊन जाळला. पाणी बाबारावांनीच सोडलं. असा क्रियाकर्म झालेला माणूस पुढे जिवंत परत आलाच, तर त्याला तसाच घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर न्हाऊ घालून, बारसं करून, नवं नाव देऊन मग आत घेतात. "जळलेलं नाव होतं ते. तुमी उचललं, आन् तसेच घुसले घरात. आता तुमचं नाव काहून मोकळं ठेवता? कोणी तरी उचलन न त्याले."

मी भूगोल शिकवतो. असल्या गोष्टी मानत नाही. पण परत येताना उंबऱ्याशी पाय थांबला, हे लिहायलाच हवं.

बुधवार, २ मे

पंचेचाळीस अंश तरी असेल. जिजाबाईंनी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर केली होती. मी विहिरीवर होतो. त्यांनी घरातून हाक मारली, लहान्या! आणि मी ओ दिली.

लोकांपुढे तसंच म्हणायचं ठरलेलं आहे. पण आसपास कोणी नव्हतं. त्यांनी हाक का मारली यापेक्षा मी ओ इतक्या पटकन का दिली, याचा विचार करतो आहे.

जेवताना मी उठून आतल्या खोलीतल्या फडताळाच्या मागून मिठाची बरणी काढून आणली. ती तिथे असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिजाबाईंनी बरणीकडे पाहिलं. भाकरीवर तेल जरा जास्त घातलं.

रविवार, ६ मे

आज घरी जायचं ठरवलं होतं. रुपरावने निरोप पाठवला की एवढ्यात गाव सोडू नको. शामलाला पत्र टाकलं. माझी बायको माझ्यापेक्षा व्यवहारी आहे, पण हा सौदा तिला पहिल्यापासून पसंत नव्हता. तुम्हाला खोटं पचत नाही, म्हणाली होती.

दिवसभर जयाची आठवण. ती पाच वर्षांची असताना टायफॉइड झाला होता, तेव्हा मी उशाशी बसून तिला आपल्या नाग नदीचं पाणी समुद्राला कसं जातं ते सांगायचो. नाग, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, समुद्र. गोदावरी यायच्या आधीच झोप लागायची तिला. हे आमचं दोघांचंच आहे. शामलालाही माहीत नाही.

गुरुवार, १० मे

शामलाचं पत्र. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मी चुकीचं वाचत नाही याची खात्री होईल.

"रविवारी तुम्ही आलात ते बरं केलंत, पण मग मंगळवारी तुमचं पत्र कसं आलं? तोंडी सांगता आलं असतं. अंगठ्याला काय लागलं ते सांगितलं नाहीत, पट्टी बदलत जा. कपड्यांना धुराचा फार वास होता. बनियनमधून पळसाचा जळका चुरा निघाला. एक मात्र छान झालं, तुम्ही जयाजवळ दोन तास बसलात. इतकं तुम्ही कधीच बसत नाही."

मी रविवारी इथेच होतो.

शनिवार, १२ मे

नागपूरला जाऊन आलो. क्रमाने लिहितो.

दुपारी साडेबाराला पोचलो. दार शामलाने उघडलं. दाराशी अनोळखी माणूस आला की थांबतात तशी ती थांबली, मी काय बोलतो याची वाट पाहत. मी म्हणालो, मी आलो वं. हे असं मी कधी बोलत नाही. ती म्हणाली, कोण पाहिजे? आणि आत वळून, "अहो, गावाकडून कोणी आलंय, तुमच्या त्या शेतावरचं असेल."

आतून तो खाकरला. माझं खाकरणं. तो माझ्या खुर्चीत बसला होता, माझा चष्मा लावून, आणि जया त्याच्या पायाशी नकाशा पसरून बसली होती. त्याने वर पाहिलं. ओळखीचं हसला. त्यात काही दुष्टपणा नव्हता. फार दिवसांनी सावलीत बसायला मिळालेल्या माणसासारखा दिसत होता.

मी ओरडायला हवं होतं. का ओरडलो नाही? खुंटीशेजारच्या आरशात मी दिसलो म्हणून. उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर दुपट्टा. तो दुपट्टा माझा नाही. शामलाचं काय चुकलं?

तिने पाणी दिलं. बाहेरच्यांसाठी ठेवतो त्या पेल्यात.

मंगळवार, १५ मे

चावडीवर गेलो. सगळं खोटं होतं, नाव काढा, म्हणून सांगितलं. तलाठी म्हणाला, फेरफार कायम झाला, मुदत संपली. कागद दाखवला. लहानू धोंडबा. एवढंच. ऊर्फ नाही, पुढचं काही नाही. ते कोणी खोडलं विचारलं, तर म्हणाला, पिंपळखुटे स्वतः येऊन सांगून गेले की त्यांचा या जमिनीशी संबंध नाही. सभ्य गृहस्थ. सही छान आहे.

अर्ज लिहून दे म्हणाला. लिहिला. खाली सही करायला गेलो आणि—

अंगठाच उठवला.

शनिवार, १९ मे

रुपराव येत नाही. फाट्यावर दिसला. मला पाहून म्हणाला, काय गा लहानू, पावसाच्या आधी वखरून घे. थट्टा करतो असं वाटलं. थट्टा नव्हती.

जिजाबाईंच्या पाया पडलो. सांगा म्हटलं सगळ्यांना, मी तुमचा नाही. त्या निवांत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मले मालूम हाय तू माहा नाही. पण त्यालेही कुठं मालूम होतं का तो मेला? जिवंत होता तो, आमीच जाळला त्याले. वीस वर्सं दाराभायेर उभा होता. ना नाव, ना घर. आत घेता येत नव्हतं." मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. "आता माह्या पोराले घर भेटलं. तुले माय भेटली. काहून रडतं?"

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून— आणि बाबारावांनाही—

पण अंगठा कुणी धरून उठवला नव्हता. मीच.

बुधवार, २३ मे

मागची पानं उघडली. अक्षरं दिसतात. वाचता येत नाहीत. लिहिता अजून येतं, पण लिहिलेलं लगेच परकं होतं. किती दिवस येईल—

विळा आता रडत नाही हातात.

तीन रात्री मोजून पाहिलं. नाग, कन्हान, वैनगंगा. पुढं एक नदी होती.

शुक्रवार, २५ मे असेल

मायनं डोकं चोळून दिलं. मले झोप लागली. लागायला नको होती—

मुलीचं नाव ज वरून. जया. जया. जया. लिहून ठेवतो.

रविवार

ते आले आहेत. तो आणि जया. शेताच्या धुऱ्यावरून चालत आले, तिनं हातात बहाव्याची फुलं घेतली आहेत.

तो मायच्या पाया पडला. माय त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

वही न्यायला आले. जया म्हणते, काका, ती बाबांची वही आहे, मी दिलेली, पहिल्या पानावर नाव आहे त्यांचं. किती गोड बोलते. काका.

मी तिले म्हटलं, नाग. ती थांबली. कन्हान. तिच्या हातातली फुलं खाली पडली. वैनगंगा, मी म्हटलं, आणि ती माझ्याकडं पाहून राहिली, डोळे मोठे करून, एक नाव फक्त, एकच नाव पाहिजे होतं—

ते त्यानं सांगितलं. मागून, हळूच. मग पुढचंही. समुद्रापर्यंत.

जया हसली. बाबा, तुम्ही यांनाही शिकवलं? म्हणाली. मी तर समजत होते आपलं दोघांचंच आहे. थोडी रुसली त्याच्यावर.

त्यानं सांगितलेलं नाव मी ऐकलं. आता नाही आठवत. याच वहीत कुठं तरी लिहिलं आहे, मागं कुठं तरी—

तो हात पुढं करून उभा आहे. घाई करत नाही. एक ओळ लिहू द्या म्हटलं, तर लिहा न म्हणाला. जया उन्हात उभी आहे, तिले ऊन लागन. देतो. एकदा लिहितो अन् देतो.

नाग, कन्हान, वैनगंगा,