कनातीएवढा पडदा

अहो,

ऐकलंत का? उभ्या जन्मात या प्रश्नाला तुम्ही पहिल्या हाकेला ओ दिली नाहीत, आता कुठून देणार! म्हणून लिहून काढते आहे. कागदावरचं ऐकू आलं नाही, असं तरी तुम्हाला म्हणता यायचं नाही.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. एवढ्या दिवसांनी लिहायचं कारण म्हणजे, परवा शुभानं मला धरून कान तपासायला नेलं. "आई, तू टीव्ही एवढा मोठा लावतेस की खालच्या मजल्यावरच्यांनी आपला बंद करून टाकलाय," म्हणे. पोटची पोर, पण जीभ बघा! तिथं एका कोवळ्या डॉक्टरणीनं माझ्या डोक्याला हेडफोन लावला, बटण दाबायला सांगितलं आणि शेवटी गोड हसून म्हणाली, "आजी, मशीन लावावं लागेल."

मी ताडकन म्हणाले, "माझे कान धडधाकट आहेत. तुमचंच मशीन बिघडलंय."

आणि मीच दचकले. अहो, माझ्या तोंडून आबा बोलले!

आबा भेटले असतीलच तुम्हाला वर. माझे वडील, तोफखान्यातले सुभेदार, निवृत्त होऊन उंब्रजला ऊस लावणारे. तोफांनी त्यांच्या कानांचा निकाल लावला होता, आणि हे त्यांना सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मामानं तुमचं स्थळ आणलं. मामा मिरजेला रेल्वेत, त्यामुळं जंक्शनातून येणाराजाणारा प्रत्येक लग्नाचा मुलगा त्याला माहीत. तुम्ही आमच्या सोप्यात येऊन बसलात आणि मामानं ओळख करून दिली, "दाजी, पोरगा दवाखान्यात हाय. कानाचं पडदं बनवतो."

आबांच्या कानानं त्यातला दवाखाना गाळला, कान गाळला, आणि नुसता पडदा आत घेतला. सांगली-मिरजेकडचा माणूस आणि पडदा! दुसरं काय समजणार?

"नाटकाचं पडदं?" आबा गरजले. "केवढा करता म्हनं एक पडदा?"

आणि तुम्ही! तुम्हाला जरा मोठ्यानं बोलायला काय झालं होतं हो? समोर अख्खा तोफखाना बसलेला, आणि तुम्ही देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तसं बोललात, "करंगळीच्या नखाएवढा."

आबांनी ऐकलं, 'कनातीएवढा'.

झालं! कनात म्हटल्यावर नाटक तरी कुठलं राहतंय? थेट तमाशाचा तंबूच. आबा मामाच्या कानाला लागून हळूच म्हणाले, "आमच्या तीन पिढ्या पलटणीत, आन् जावई कनाती ठोकत फिरणार व्हय रं?" त्यांचं हळूच म्हणजे वेशीपर्यंत. तुम्हाला मात्र ही कनात मधेच कुठून आली ते काही कळेना.

तेवढ्यात मी पोहे घेऊन आले. तुम्ही एक घास घेतलात आणि बशीतून नजर न उचलता पुटपुटलात, "मीठ राहिलंय." एकट्या मला ऐकू आलं. आता हा माणूस बोलणार आणि माझी अब्रू जाणार! आबांनी विचारलंच, "पोहं कसं झाल्यात?" तर तुम्ही, सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं म्हणालात, "छान झालेत!" आणि ते अळणी पोहे बशी पुसून खाल्लेत. त्या दिवसभरात आबांना नीट ऐकू गेलेला तुमचा तेवढाच शब्द.

मी तिथंच ठरवलं, करीन तर हाच नवरा.

पण आबांना सांगायचं कसं? मी म्हणायची, "आबा, मला मिरजेचं स्थळ पसंत हाय."

"आँ?"

"मिरजेचं स्थळ!"

"मिरची? मिरचीला औंदा भाव न्हाई."

आणि तेच आबा, चुलीपाशी आईनं चहाच्या कपाला कप लावला की गोठ्यातून ओरडायचे, "आलो गं!" आई म्हणायची, "तुजा बाप सोयीचा भैरा हाय." मामानं येऊन बेंबीच्या देठापासून सांगितलं, "आवं दाजी, कानाचं पडदं, कानाचं!" त्यावर आबा म्हणाले, "कानाला कशाला पडदा? खिडकी हाय का ती?" आणि दुसरी स्थळं बघायला लागले. एक कराडचा, त्याच्या मिशा आबांना फार आवडल्या होत्या. मी रडून रडून उशी भिजवली, ते तेवढं तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग पावसाळ्यात आबांचा कान फुटला. वाहायलाच लागला. मामानं त्यांना एसटीत घातलं आणि मिरजेला आणलं. डबा धरायला मी बरोबर. डबा काय, मी विळाभोपळासुद्धा धरून आले असते!

तुमच्या दवाखान्यात तेव्हा ते परदेशी मशीन नवं होतं. कानात रबराचं बोंड घालायचं, हवा कमीजास्त करायची, आणि आतला पडदा हलतो का ते मशीन कागदावर काढून दाखवायचं. नीट हलला तर रेघेचा डोंगर, नाही तर सपाट माळ. आबांच्या कागदावर आला सपाट माळ.

"मशीन बिगाडलंय," आबांनी निकाल दिला. "तोफ डागायच्या आदी आमी तिची तपासणी करत हुतो. ह्येची क्येलीया का कुनी?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी वर्कशॉपमधून माणूस बोलावला. दारातून तुम्ही आलात! मी डबा सावरून धरला, आणि आबा दवाखाना हादरेल असं बोलले, "ह्यो तमासगीर हितं काय करतोय?"

तुम्ही खिशातून मशीन तपासायचा तुमचा खोटा कान काढलात. पितळेची बोटभर नळी, तिच्या एका तोंडावर ताणून बांधलेला फुग्याचा तुकडा, आणि मागं हवेला जागा म्हणून इंजेक्शनची काचेची नळी. बस्स. या पडद्यासाठी तुम्ही काय काय नासलंत ते मला पुढं संसारात कळलं! कांद्याचे पापुद्रे, पोरीच्या वाढदिवसाचे फुगे, आणि माझ्या पातेल्यावरची साय. "सायीला ताण नाही गं," म्हणायचात वर तोंड करून. अहो, ती तुपाला ठेवली होती!

मशीनचं बोंड तुम्ही त्या पितळी कानाला लावलंत. कागदावर डोंगर उमटला. मग टाचणीनं फुग्याला भोक पाडलंत, पुन्हा लावलंत. सपाट माळ. तो कागद आबांच्या कागदाशेजारी ठेवलात आणि बाजूला उभे राहिलात.

आबांनी दोन्ही कागद उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी तो फुग्याचा तुकडा बोटावर घेतला.

"ह्योच का तुमचा पडदा?"

"हो!" तुम्ही चक्क ओरडलात.

"मग कनात कुटं हाय?"

मी एवढी हसले की सिस्टरनं मला बाहेर काढलं. तुम्हाला तर बिचाऱ्यांना कनातीची भानगड लग्नापर्यंत कळलीच नव्हती!

डॉक्टरांनी ऑपरेशन करून आबांच्या कानाला नवा पडदा लावला, आणि कान चांगला भरून आल्यावर मशीननं पुन्हा रेघ काढली. डोंगर! चांगला अजिंक्यताऱ्याएवढा. मी आबांच्या पाठीमागं उभी होते. हीच वेळ म्हटलं, आणि तुमच्यासारखंच अगदी हळू बोलले, "आबा, मला मिरजेचं स्थळ पसंत हाय."

"आँ?" आबा सवयीनं म्हणाले.

डॉक्टरांनी कागद वर धरला. मामानं कागदाकडं बघितलं, मग आबांकडं. आबा चोरी सापडल्यासारखे खाली बघायला लागले. "आलं ऐकू," म्हणाले, "वराडतीस कशाला?"

असा झाला आपला संसार. जगाचे कान तपासलेत, पण घरातली हाक तुम्हाला तिसऱ्यांदा ऐकू यायची. आणि तुमचं ते पुटपुटणं! माझं अर्धं आयुष्य तुम्हाला "काय म्हणालात?" विचारण्यात गेलं. जाताना दवाखान्यात शेवटचं काहीतरी बोललात, तेही हळूच. मी वाकले, कान तुमच्या तोंडाशी नेला, तरी मला कळलं नाही. तेव्हा वाटलं, तुम्हीच हळू बोललात. आता ही डॉक्टरीण म्हणते, माझेच कान केव्हाचे गेलेत. याला काय करू मी, सांगा ना?

शुभाला वाटतं, मी हट्टानं मशीन लावत नाही. तिला काय सांगू? घर फार शांत आहे हो. आत्तापर्यंत म्हणता येत होतं, कान गेलेत म्हणून शांत आहे. मशीन लावलं आणि तरी शांतच राहिलं तर? मग तुम्ही खरंच नाही आहात, हे मान्य करावं लागेल. त्याची भीती वाटते मला.

पण तुमची बायको आहे, सुभेदाराची लेक आहे. त्या डॉक्टरणीला म्हटलं, आधी तुझं मशीन तपासलंयस का? तिनं न चिडता तपासणीचा कागद आणून दाखवला. आता मला कुठं पळायला जागा आहे!

तेव्हा शब्द देते. रविवारी मशीन लावीन. पोहे करीन, तुमच्या खुर्चीसमोर बसून खाईन. मीठ राहिलं असलं, तर नेहमीसारखं हळूच सांगा. या वेळी मी "काय म्हणालात?" विचारणार नाही.

तुमचीच,
अगं