गाठ आवळू दे आधी

प्रिय शंकासूर,

वर्गात तुला हे नाव ठेवलं, तेव्हा वैतागून ठेवलं होतं. आज कौतुकाने लिहितोय. तुझा लेख तीनदा वाचला. तुझ्या काकूंनीही वाचला, पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पोरगी वेळेवर जेवते का?"

तुझ्या लेखातली ती टेप मी चाळीस वर्षांपूर्वी केली. बंदरामागची पत्र्याची खोली, डांबराचा वास, खाटेवर बसून गाणारा म्हातारा मच्छीमार. गाण्याची लय मधेच लंगडायची. मी पुस्तकात छातीठोकपणे लिहिलं, की लाटेवर वल्ही थबकतात, तीच ही लय. विद्यार्थी आजही परीक्षेत तेच उतरवतात. टेपवर मागून एक बाई सारखी बोलत होती. तिची नोंद मी चार शब्दांत उरकली: 'पार्श्वभूमीला थोडा घरगुती गलबला.'

तू त्या गलबल्यालाच कान लावलास. म्हाताऱ्याची बायको म्हणत होती, "अहो, इथं थांबा. गाठ आवळू दे आधी!" तेवढं एक वाक्य धरून तू जाळी विणणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये जाऊन बसलीस, तिच्या मुलीला शोधून काढलंस, बोटं सोलवटेपर्यंत विणायला शिकलीस. दम रोखून दोन्ही हातांनी गाठ ओढावी लागते, म्हणून गाणं तिथे थांबतं! ते होडीवरचं नव्हतंच. बायकांनी विणताना रचलं आणि पुरुषांनी घरात ऐकून उचललं. शेडच्या जुन्या हजेरीपटांतून त्या बायकांची नावं काढायची, हे तर मला जन्मात सुचलं नसतं. वाचताना मी टेबलावर ठेका धरला होता, आणि पहिल्यांदाच तो चुकला नाही.

खरं सांगू? ती बाई मला आठवते. ती मला काहीतरी समजावायला पुढे आली होती. मी म्हणालो, "वहिनी, जरा गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू आहे." हे तू टेपवर ऐकलं असणारच. लेखात मात्र घातलं नाहीस.

सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, 'सर, तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही.' तीन आठवडे मी उत्तर दिलं नाही. काकूंनी फोनवर माझ्या गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, ते खोटं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. दुखलं होतं ते दुसरंच. माफ कर. लेख छाप. आणि माझं ते 'जरा गप्प बसा'ही त्यात घाल, माझ्या नावानिशी.

तुझाच,
सर