फळ्यावरून पुसलेली बुटकी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी सकाळी सव्वासातला बाबांनी ओल्या फडक्याने बुटकी गाईचं नाव फळ्यावरून पुसलं, आणि त्या क्षणी माझं या घराशी बिनसलं. गोठ्यातल्या फळ्यावर आज दूध देणाऱ्या गाईंचेच लिटर लिहितात, हे तुला माहीत आहे. बुटकीला व्यायला सहा आठवडे आहेत म्हणून तिला आटवली, म्हणजे दूध काढणं थांबवलं. झालं, फळ्याच्या लेखी ती मेली. शनिवारी व्यापारी तिला न्यायला येणार.

सगळ्यात वर नाव राणीचं. सव्वीस लिटर. बाबा येईल त्याला तो आकडा पोरीच्या मार्कांसारखा दाखवतात. व्यायल्यापासून दहा महिन्यांत राणीला सातदा रेतन केलं, सातही वेळा उलटली, गाभण राहिलीच नाही, हे फळ्यावर कोण लिहिणार? तिच्या दोन्ही सावत्र बहिणींची तीच तऱ्हा. तिघींचा बाप एकच, अकरा नंबरचा वळू. वळूंच्या कॅटलॉगात बाबांनी त्याचा दुधाचा रकाना तेवढा वाचला. शेजारी त्याच्या लेकी किती गाभण राहतात तेही छापलंय, पण त्यासाठी मान दोन बोटं वळवावी लागली असती. दुधाबरोबर ती खोडही रक्तातून उतरते, असं मी म्हणालो, तर मला म्हणाले, कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याने आधी शेण उचलावं.

आणि दोष कुणाला? स्कूटरवर गोठवलेल्या वीर्याची, नायट्रोजनची टाकी बांधून रेतनाला येते त्या टाकीवालीच्या हाताला. त्याच हाताने बुटकी यंदाही पहिल्याच खेपेला गाभण राहिली. तो हात किती हलका आहे, तुला काय सांगू.

शनिवारच्या आत काहीतरी सुचव. लोभ आटवू नकोस.

तुझा भडकू


६ मार्च

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात गाईपेक्षा टाकीवालीच जास्त आहे. ती तिकडे नोकरीला लागली त्याच महिन्यात तुला कॉलेजचा कंटाळा आला, हे बाबांना कळलं नसेल, मला कळतं. बाबा एक रकाना वाचून वळू निवडतात म्हणून तू नाक मुरडतोस. तू कोणते रकाने वाचून दोन वर्षांवर पाणी सोडलंस?

गाभण राहण्यात रक्ताचा वाटा लहान, चाऱ्याचा आणि देखभालीचा मोठा, हेही कबूल कर. पण एकाच गव्हाणीत खाऊन बुटकी गाभण राहते आणि त्या तिघी राहत नाहीत, तेव्हा लहान वाटाही डोळ्यांत भरतो. तू ओरडू नकोस. टाकीवालीच्या वहीतल्या रेतनाच्या तारखा तिलाच वाचू दे. बाबा काम पुरं करणाऱ्याचं ऐकतात. मीही पेपर तपासताना बरोबर पण अर्धवट उत्तराला अर्धेच मार्क देते.

जेवत जा. माया आहे म्हणून टोचते.

ताई


२७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तस्संच झालं होतं, तेच जास्त झोंबलं. टाकीवालीने तारखा वाचल्या, बाबांनी मान डोलावली, वर तिला चहा. मी तेच बोंबलत होतो तेव्हा मी गाढव. असो. व्यापारी हात हलवत परत गेला, बुटकीला कालवड झाली, नाव पुन्हा फळ्यावर आलं, चौदा लिटर.

आज सकाळी बुटकी माजावर आली आणि बाबांच्या अकलेलाही पूर आला. म्हणे, ही पटकन गाभण राहते ना, मग अकरा नंबरच्या वीर्याची कांडी हिलाच भरू. म्हणजे बुटकीच्या पोटी आणखी एक राणी. मी फोनवर टाकीवालीला म्हणालो, तू नकार दे. ती म्हणाली, मालक सही करतात ती कांडी भरणं माझं काम. तुला नकार द्यायचा असेल तर शिकून पदवीचा कागद घेऊन ये, तोवर शेपूट तरी नीट धर. आणि हसली. आता तूही हसून घे.

ती दहाला येईल. बाबांच्या अकरा नंबरच्या बाराही कांड्या खाद्याच्या खोलीत, आपल्या नायट्रोजनच्या टाकीत होत्या. त्या काढून मी टेबलावर मांडल्यात आणि समोर बसून तुला लिहितोय. बाहेरची ऊब त्यांना मिनिटभरही सोसत नाही. ‘ती. ताईस’ लिहीपर्यंतच त्यांचा निकाल लागला. बुटकीचा माज काही उद्यापर्यंत थांबणार नाही, आणि टाकीवालीकडे फक्त सात नंबरच्या वळूच्या कांड्या आहेत. दूध बेताचं, पण लेकी दरवर्षी व्यायणाऱ्या. बाबांना सही करावीच लागेल.

फळ्यावर राणीच्याही वर लिहिलंय, कांड्या मी काढल्या, टाकीवालीचा यात हात नाही. पिशवी भरली आहे. कॉलेज पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, उरलेली दोन वर्षं गिळून येतो. अर्धे मार्क पुरे झाले.

लोभ दुभता ठेव. बाबा अंगणात खाकरतायत. पाकीट चिकटवतो, त्यांच्यासमोरूनच बाहेर पडतो आणि मागे दार ओढून घेतो.

तुझा भडकू