टाचे न मारलेलं छत

४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे ठीक. आईच्या गुडघ्याबद्दल तू दोन पत्रांत एक अक्षर लिहिलं नाहीस. म्हणजे एक तर गुडघा बरा असणार, नाहीतर आईनं तुला लिहू दिलं नसणार. वहिनीला दोन ओळी खरडायला सांग, ती खरं लिहिते.

आज पत्र लिहायला बसले ते ह्यांच्यासाठी. ह्यांच्याकडे एक काम आलंय आणि ते घ्यावं की सोडावं ह्यात ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालंय. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर कपडे शिवण्याचा नवा कारखाना उघडतोय. तिथल्या खालच्या हॉलच्या छताचा गिलावा करायचाय. हे बघून आले. स्लॅब आरशासारखी गुळगुळीत आणि तिच्यावर सेंटरिंगचं तेल तसंच राहिलेलं. ह्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं होतं, ते घरी येऊन मला दाखवलं, तरी तेलकटच होतं. आधी छिन्नीनं टाचे मारून स्लॅब खडबडीत करावी लागेल, असं ह्यांनी मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, वरच्या मजल्यावर माझं ऑफिस सुरू झालंय, ठोकाठोक चालायची नाही. मशिनं इकडे यायला निघाली आहेत, तुम्ही आपला सिमेंटचा माल लावा आणि मोकळे व्हा.

तुला माहीतच आहे, बरेच दिवस ह्यांच्या हाताला काम नाही. रोज सकाळी थापी काढतात, स्वच्छ असलेली पुन्हा पुसतात आणि पुन्हा ठेवून देतात. मला बघवत नाही. मी म्हटलं, घ्या काम. तर म्हणाले, ज्यानं मला थापी धरायला शिकवलं त्याला विचार, दादा म्हणतील तसं करू. मला वाटतं ह्यांना नकोच म्हणायचंय, फक्त माझ्या तोंडावर एकट्यानं म्हणवत नाही. तेव्हा तू काय ते एकदा लिहून टाक.

आईला नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चिमी


११ जानेवारी

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा जिथल्या तिथे आहे आणि आई गुडघ्याच्या वर आहे, म्हणजे दिवसभर हुकूम सोडते आहे. काळजी नको.

सावकाशरावांना सांग (हे नाव मी ठेवलं, ते अजून मिरवतायत ना?), त्या छताला हात लावू नका. भिंतीचा गिलावा सुटला तर पायाशी पडतो, छताचा डोक्यात पडतो. गुळगुळीत स्लॅबला छिन्नीनं खाचा पाडून टाचे मारल्याशिवाय मालाला धरायला जागाच नसते. त्यात तेल असलं तर तो चिकटल्याचं नुसतं नाटक करतो. थोडे महिने करतो, मग एक दिवस त्याला कंटाळा येतो. बाबा असल्या मालकाच्या दारातून चहा न घेता परत यायचे, हे तुला आठवत नसेल, तू तेव्हा फ्रॉकमध्ये होतीस. काम गेलं तर दुसरं येतं. हाताला डाग लागला तर तो घासून जात नाही.

तेव्हा नाही म्हणा, आणि ताठ मानेनं म्हणा.

एक कर, त्या मालकाचं नाव आणि पत्ता कळव. कारखाना मोठा दिसतो. मी त्याला चार शब्द लिहून समजावतो. टाचे मारायला कबूल झाला तर काम मेहुण्यांनाच मिळेल.

आई, वहिनी मजेत. लोभ आहेच, तो विचारून का वाढतो?

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

मालकाचा पत्ता मी तुला उलट टपाली पाठवला होता. तुझं उत्तर आलं नाही, पण तू आलास.

ह्यांनी जाऊन नाही म्हटलं. तुझंच वाक्य म्हटलं, हाताला डाग लागतो ते. मालक हसला म्हणे. परवा हे त्याच रस्त्यानं येत होते, तर हॉलमध्ये परांची उभी आणि परांचीवर तू. घरी येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, तुझा दादा जरा जाड झालाय. मला कळेचना कुठे दिसलास. मग सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही दुसराच कुणी पाहिला असेल. तर म्हणाले, ज्याच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली त्याची पाठ मला ओळखू येत नाही का?

मी स्वतः गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. स्लॅबला एक टाचा नव्हता, तुझी माणसं सरळ माल फेकत होती. तू वळलास, मला पाहिलंस. पाहिलंस ना? मग माल घोटायचा गुरमाळा उचललास आणि माझ्याकडे पाठ केलीस.

आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहून तू जेवायलासुद्धा आला नाहीस, ह्याचं जास्त वाईट वाटलं. कामाचं नंतर वाटलं.

आईला यातलं काही लिहीत नाही.

चिमी


२ मार्च

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वहिनीला म्हटलं, ही अजून फ्रॉकमध्येच आहे.

जरा डोकं शांत ठेवून वाच. तुझ्या नवऱ्याला मी नको म्हटलं ते त्याच्या कुवतीकडे बघून. एका छताला तो एवढा वेळ लावतो की तेवढ्यात खालचा माणूस म्हातारा होईल. असलं काम त्यानं घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी माल अंगावर घेऊन घरी आला असता. मला हात आहे, माणसं आहेत, तेलावर मारायला पातळ रसायन आहे. वाकडी स्लॅब सरळ दिसावी म्हणून मी तिथे दोन-दोन बोटं जाड थर चढवलाय. मालक बघत राहिला. आणि मी नसतो गेलो तर तिसरा कुणी गेला असता. त्या तिसऱ्यावर तू एवढी रागावली असतीस का?

जेवायला आलो नाही, कारण तुझ्या घरी काय वाढलं असतंस ते मला ठाऊक होतं.

मालक ऑफिसच्या वरचा मजलाही मलाच देईल असं दिसतं. मेहुण्यांना सांग, घमेली उचलायला एक माणूस कमी आहे. ओळखीचा म्हणून आधी त्यांना विचारतो. थापी आणायची गरज नाही.

दादा


१८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर दिलं नाही. ह्यांनी ते पत्र पुरतं वाचलं आणि त्या दिवसापासून थापी पुसायची बंद केली. मालकानं गावभर केलंय की हा नखरेवाला मिस्त्री आहे, ह्याला कामं देऊ नका, हा भिंतीला आधी पत्रिका विचारतो. लोक हसतात आणि दुसऱ्याला बोलावतात.

म्हणून मीच त्या कारखान्यात लागले. कॉलरी शिवते. माझं मशीन हॉलच्या मधोमध आहे, पंख्याच्या बरोबर खाली. उकाड्यात ती जागा सगळ्यांना हवी असते.

आता विचारायचंय ते विचारते. पंख्याच्या भोवती केसाएवढी चीर आली आहे. सकाळी कापडावरची धूळ झटकावी लागते. काल सगळ्याजणी डबा खायला बाहेर गेल्या तेव्हा मी झाडूच्या दांड्यानं छत ठोकून पाहिलं. बाबांनी आपल्याला शिकवलं होतं तसं. भरीव आवाज आला नाही दादा. पोकळ आला.

हे म्हणतात, उद्यापासून जाऊ नकोस, उपाशी राहू. पण त्यांच्या नाही म्हणण्यानं एकदा पोट भरून झालंय. मी तुला विचारते. झालं गेलं सगळं बाजूला ठेव. छत तू केलंस, आत काय आहे ते तुलाच माहीत. मी तिथे बसू का? फक्त हो किंवा नाही एवढंच लिही. नाही म्हणालास तर मी कुणाला काही सांगणार नाही, तुझं नावही घेणार नाही. हो म्हणालास तर बसेन.

आईला नमस्कार. उत्तराची वाट बघते.

तुझी,
चिमी


२५ एप्रिल

चि. सौ. चिमीस,
अ. उ. आ.

कमाल आहे. बाईमाणूस कॉलरी शिवता शिवता छताचं परीक्षण करायला लागलं. आता मला वाटतं तुझ्या हाताखालीच मी काम शिकायला यावं. येताना झाडू घेऊन येऊ की तिथेच मिळेल?

नवीन गिलाव्याला बारीक चिरा जातातच. पंखा फिरला की धूळ उडते, त्यात छताचा काय गुन्हा? सावकाशराव दिवसभर घरात बसून तुझे कान भरतात हे मला इथून दिसतंय. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्यानं केलं की बोट घालून बघायचं, हा त्यांचा जुना रोग. त्यापेक्षा त्यांना घरात एक मशीन घेऊन दे, बटणं लावायला बसतील, त्या कामाला टाचे मारावे लागत नाहीत.

आई परवा म्हणत होती, चिमी भारी हळवी आहे. मी म्हटलं, नवऱ्याच्या संगतीनं झाली.

वरच्या मजल्याचं काम पुढच्या महिन्यात ठरतंय. तेव्हा चिरांबद्दल मालकाकडे बोलू नकोस. उगाच त्याच्या मनात काहीतरी येईल. तब्येतीला जप, ऊन फार आहे, पाणी जास्त पी.

तुझा,
दादा


१४ मे

चि. सौ. चिमीस,

पेपरात वाचलं. त्यात गेलेल्या बाईचं नाव दिलंय, जखमी झालेल्यांची नाहीत. तू ठीक आहेस ना? आई सारखी तुझं पत्र आलं का विचारते, तिला अजून सांगितलेलं नाही. उलट टपाली कळव.

चौकशी बसलीय असंही वाचलं. तुला बोलावतीलच. तेव्हा नीट लक्षात ठेव. वरच्या मजल्यावर जड मशिनं चालत होती आणि सगळी इमारत हादरत होती, असं सांग. पंखा वाकडा फिरत होता आणि मालकाला सांगूनही त्यानं दुरुस्त केला नाही, असंही सांग. ते कदाचित खरंही असेल. तू माझी बहीण आहेस हे तिथे आपणहून सांगायची गरज नाही. तुझं ते एप्रिलमधलं पत्र मी जाळून टाकलंय, माझं तूही टाक.

माझं नाव यात आलं तर आई टिकायची नाही. तुला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही असं समजतो.

दादा


१९ मे

ती. दादास,
शि. सा. न.

मी ठीक आहे. मला खरचटलंसुद्धा नाही. कसं ते वाच.

तुझं एप्रिलचं उत्तर आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. मी हो की नाही विचारलं होतं, तू माझ्या नवऱ्याची टिंगल केली होतीस. लहानपणापासून तुझं तसंच आहे, हरायला आलास की चिडवायला लागतोस. मला उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपरवायझरला म्हटलं, पंख्याच्या वाऱ्यानं माझी मान धरते, मला दाराजवळची जागा द्या. त्यानं दिली.

पंख्याखालची जागा रिकामी कशी राहणार? एक नवी मुलगी लागली होती, कामाला चटपटीत, सारखी हसायची. आम्ही तिला हसरीच म्हणायचो. तिला ती जागा मिळाली. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ताई, एवढ्या उकाड्यात तुम्ही वाऱ्याची जागा माझ्यासाठी सोडलीत. मी तिला सांगू शकत होते. मग सगळ्याजणी उठल्या असत्या, हॉल बंद झाला असता, माझं काम गेलं असतं आणि तुझं नाव आलं असतं. मी तिला म्हटलं, बस गं, वय आहे तुझं वारा खायचं.

त्या दिवशी आधी खडखड असं काहीच झालं नाही. पंख्याभोवतीचा सगळा थर एकदम खाली आला आणि त्याच्या माऱ्यानं पंखाही. तू लिहिलं होतंस तेवढाच जाड, दोन बोटं. त्याचा एक तुकडा हातात घेऊन मी स्लॅबकडची बाजू पाहिली. काचेसारखी गुळगुळीत होती, आणि बोटाला तेल लागलं. दोघीजणी दवाखान्यात आहेत. हसरीला दवाखान्यापर्यंत नेता आलं नाही.

ह्यांनी मला एकच विचारलं, तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं. तेव्हापासून हे चहा करून माझ्यासमोर ठेवतात आणि बाहेर जाऊन बसतात.

तुझं पत्र मी जाळलेलं नाही, पण चौकशीत ते दाखवायचीही गरज पडणार नाही. मी तोंडानंच सांगणार आहे. छत कुणी केलं, टाचे का मारले नाहीत, मी तुला काय विचारलं, तू काय लिहिलंस, आणि ते वाचून मी काय केलं. सगळं, शेवटासकट. आईला तू सांग. मी सांगायला आले तर दोघांचं सांगेन, आणि तिला कुणाची आई म्हणून रडायचं ते कळणार नाही.

काल हसरीची आई कारखान्यात आली होती. मला धरून रडली. म्हणाली, घरी येऊन तुमचंच नाव घ्यायची, ताई मला सांभाळतात म्हणायची. मग म्हणाली, ती कुठे बसायची ते दाखवा. मी दाखवलं. तिथे अजून माल पडलेला आहे. ती त्याच्याजवळ बसली आणि मला विचारलं, माझ्या पोरीच्या आधी ह्या जागेवर कोण बसायचं?

मी तिच्या पदरावरची धूळ झटकली आणि तिला दारापर्यंत पोचवलं. आता हे पत्र पेटीत टाकते आणि तिच्या घरी जाते. तिला सांगितल्याशिवाय चौकशीला जाणार नाही.

तुझीच बहीण,
चिमी